मेंदूतलं पाणी अडखळतं तेव्हा...



काचेचा पेला पाण्याने भरा आणि त्यात शाईचा एकच थेंब सोडा. ढवळायचं मात्र नाही हं! थोड्या वेळाने बघा, शाई आपली आपण पसरलेली दिसेल. मग ढवळलं कुणी? पाण्याच्याच रेणूंनी! हे रेणू क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. एकमेकांना धक्के देत सैरावैरा धावत असतात. या पसरण्याला विज्ञानात 'विसरण' म्हणतात. (गृहपाठ विसरणं वेगळं बरं का!)

अशीच धावपळ या क्षणी तुमच्या डोक्यातही चालू आहे. मेंदूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पण पेल्यातल्यासारखं मोकळं मैदान तिथे नाही. पेशींची दाटी, मधे अरुंद गल्ल्या, अगदी जत्रेसारखं! त्यामुळे तेवढ्याच उष्ण मोकळ्या पाण्याच्या मानाने मेंदूतल्या पाण्याचं विसरण सुमारे एक चतुर्थांशच भरतं. काही भागांत लांबलचक चेतातंतूंच्या जुड्या असतात. तिथे उसाच्या फडाची आठवण येते. सरीतून सरळ चालता येतं, आडवं घुसलं की अंग खरचटतं. पाणीही तंतूंच्या दिशेने सहज सरकतं, आडवं जाताना अडखळतं.

आता समजा, रक्ताच्या गुठळीने मेंदूतली एखादी रक्तवाहिनी बंद पडली. यालाच मेंदूचा झटका म्हणतात. लकवा येतो तो बऱ्याचदा यामुळेच. पेशींना प्राणवायू आणि साखर मिळेनाशी होते. प्रत्येक पेशीत सोडिअम बाहेर फेकणारे चिमुकले पंप असतात, ते थांबतात. सोडिअम आत शिरतं, त्याच्यामागून पाणी शिरतं आणि पेशी फुगते. एरवी पेशींमधल्या गल्ल्या मेंदूची सुमारे एक पंचमांश जागा व्यापतात. आता त्या विसाव्या भागापर्यंत आक्रसतात. जत्रेतल्या सगळ्याच दुकानदारांनी फळ्या पुढे सरकवल्या तर माणसं चालणार कुठून? तसंच पाण्याचं होतं. त्याचं विसरण ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतं.

हे मंदावणं बाहेरून दिसतं का? हो! एम.आर.आय. यंत्र पाण्यातल्या हायड्रोजनकडून संकेत मिळवून चित्र काढतं. रेणूंची हालचाल टिपेल अशा रीतीने ते चालवलं, की पाणी मंदावलेला भाग चित्रात पांढरा चमकतो. १९९० साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथे मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग केले. रक्तवाहिनी बंद झाल्यावर अवघ्या ४५ मिनिटांत त्यांना हा बदल दिसला. नेहमीच्या पद्धतीच्या एम.आर.आय. चित्रात तो दिसायला दोन-तीन तास लागत होते!

डोक्याला मार लागला तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. पेशी फुगल्या तर पाणी मंदावतं. पण रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तर पाणी पेशींच्या बाहेर साचतं आणि उलट जास्त मोकळं फिरतं. सूज दोन्हीकडे आहे, पण प्रकार निराळे! जोराच्या हिसक्याने चेतातंतू तुटले तर वादळात ऊस लोळावा तशी स्थिती होते आणि पाण्याची ठरलेली दिशाच हरवते. आधी सी.टी. स्कॅन काढून डॉक्टर रक्तस्राव शोधतात. त्यात न दिसणारी इजा कधीकधी या तपासणीत कळते.

पण मुलांनो, यंत्र कितीही हुशार असलं तरी माणूस त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे ना? गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. म्हणून घरात कुणाचं अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर 'आजोबा दमले असतील, झोपू द्या' असं म्हणायचं नाही. किती वाजलेत ते बघायचं, मोठ्यांना हाक मारायची आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

आणि खेळताना डोक्यावर आपटलात तर लपवू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, एक बाहुली मोठी दिसणं, यांपैकी काहीही झालं तर तडक डॉक्टरांकडे जायचं. टेंगूळ नाही म्हणजे इजा नाही, असं मुळीच नाही. त्या दिवशी पुन्हा खेळायलाही उतरायचं नाही.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. झाडावरून पडलेलं किंवा सायकलवरून घसरलेलं मूल बऱ्याचदा गप्प राहतं, ते ओरडा बसेल म्हणून. फुटलेला कंदील, वाकलेलं चाक यांचा हिशेब उद्या करता येईल. आधी विचारा, "डोक्याला लागलं का रे?" आणि उत्तर 'हो' आलं तर त्याला जवळ घ्या, रागावू नका. म्हणजे पुढच्या वेळीही ते खरंच सांगेल.