केकच्या किमतीत बाईचे तास कुठे आहेत?

मैत्रिणींनो, आमच्या जतमध्ये आता बारशाला, साखरपुड्याला, पहिल्या वाढदिवसाला दोन-तीन मजल्यांचा फाँडंटचा केक लागतो. फाँडंट म्हणजे पिठीसाखरेची, कणकेसारखी मळलेली लगदी. हे केक बऱ्याचदा बायका घरीच करतात. बचत गटांच्या कामामुळे अशा अनेकजणी मला भेटतात. लोक म्हणतात, ‘हौस आहे हो तिला!’ माझा आक्षेप या ‘हौस’ शब्दाला आहे.

हे काम नेमकं काय असतं? केक गार करून थर सरळ कापायचे, बटरक्रीमचा किंवा चॉकलेटचा लेप देऊन फ्रिजमध्ये घट्ट करायचे. वीज गेली की इथेच अडतं. मग फाँडंट मळून केकपेक्षा कितीतरी मोठी पोळी लाटायची, लाटण्यावर उचलून केकवर टाकायची आणि वरून खाली हात फिरवत निऱ्या सोडवायच्या. जतच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला बघता बघता चिरा पडतात. पावसाळ्यात फ्रिजबाहेर काढली की पाणी सुटतं. मजले चढवताना खालच्या केकमध्ये सारख्या उंचीच्या काड्या रोवायच्या, वरच्या केकखाली पुठ्ठा ठेवायचा. सगळा भार काड्यांवर येतो. एखादी काडी जरा आखूड झाली तरी केक कलतो. मजले वेगवेगळे न्यायचे आणि कार्यालयात जाऊन जोडायचे. गवंड्याच्या कामासारखाच हा हिशेब आहे. गवंड्याला मात्र कुणी हौशी म्हणत नाही.

किंमत ठरते किलोवर. साखरेच्या एका गुलाबाचं वजन काही ग्रॅम, पण पाकळी पाकळी जोडायला वेळ जातो. म्हणजे जिथे कष्ट जास्त, तिथेच वजन कमी. समजा, एका केकला १६ तास लागले आणि सामान वजा जाता ८०० रुपये उरले, तर तासाला ५० रुपये पडले. गॅस, वीज, पेट्रोल अजून वजा व्हायचंच आहे.

याच तालुक्यातून जोडपी ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण उचल पुरुषाच्या हातात पडते. उसाची साखर होते, पिठी होऊन ओट्यावर येते. इथे काम एकट्या बाईचं, तरी पैसे घ्यायचा क्यूआर कोड कितीतरी घरांत नवऱ्याच्या खात्याचा! रानातलं असो की घरातलं, तिचे श्रम दुसऱ्याच्या नावे जमा होतात.

‘दर वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल,’ असं बायका म्हणतात. खरं आहे. एकटीनं वाढवला तर जाईलच. म्हणून हे एकटीचं काम नव्हे. १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी लिज्जत पापड सुरू केला. पुढे हजारोजणी आपापल्या घरी पापड लाटू लागल्या, पण लाटण्याची मजुरी ठरलेली आणि सभासद बाई मालकीण. घरात बसून काम केलं म्हणून श्रम फुकट होत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं.

केकवाल्या बायकांनीही गावोगाव एकत्र बसून दर ठरवावेत. सामान, तास आणि नेऊन जोडण्याची मजुरी असे तीन आकडे वेगळे लिहावेत. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरून विकणारीलाही नोंदणी लागते. ती आणि बँकेचं खातं तिच्याच नावावर असावं. आपल्या संस्था केकचे वर्ग घेतात, तिथे गुलाब वळायला शिकवण्याआधी तासांची वही घालायला शिकवावी.

तुमच्या भागात काय दर आहेत, पैसे कुणाच्या खात्यात जातात? गटात चर्चा करा आणि आम्हांला जरूर कळवा.