स्वागत विद्यार्थ्यांचे, की त्यांच्या प्रश्नांचे?

एका वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधन परिसंवादाचे निमंत्रण मध्यंतरी आले. पीएच. डी.साठी नव्याने नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांचे स्वागत करायचे, पाच-सात मिनिटे बोलायचे, एवढेच काम. निवृत्त प्राध्यापकाकडे अशी कामे येतात. तो रिकामा असतो, मानधनाचा आग्रह धरत नाही आणि सहसा कुणाला दुखवत नाही. मी होकार दिला. पण भाषण लिहायला बसलो आणि पेन अडले. या मुलांचे स्वागत म्हणजे नेमके कशाचे स्वागत?

मला माझाच प्रबंध आठवला. १९७९ साली एम. डी.साठी मी गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयावर काम केले. विषय मार्गदर्शकांनी दिला होता. मी तो निवडला नव्हता. सरकारी जीपमधून गावोगाव हिंडायचे, बायकांच्या बोटाला सुई टोचायची, नळीत रक्त ओढून त्याचा रंग ताडून पाहायचा आणि आकडा वहीत लिहायचा. अशा दोनशे बायका झाल्या. कुणी कामावरून उठून आली, कुणी सासूची परवानगी घेऊन. ज्यांचे रक्त फारच कमी निघाले त्यांना लोहाच्या गोळ्यांची पुडी दिली. प्रबंध टंकलिखित झाला, काळ्या रेक्झिनमध्ये बांधला गेला, वर सोनेरी अक्षरे आली. मला पदवी मिळाली. त्या दोनशे बायकांना काय मिळाले? निकाल सांगायला मी एकाही गावात परत गेलो नाही. जायचे असते हेच कुणी शिकवले नव्हते, आणि मलाही सुचले नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे माझ्या प्रबंधातला प्रश्न चाळीस वर्षांनंतरही तिथेच उभा आहे. प्रबंध मात्र ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात सुखरूप आहे.

मी एकटाच असा होतो असे नाही. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती संशोधन छापले, याची मोजदाद त्यांनी केली. त्यांतल्या ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५, आणि देशाच्या एकूण संशोधनातला चाळीस टक्के वाटा त्यांचाच. बाकीच्यांकडे रुग्ण नव्हते काय? आपल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊ वाजता जाऊन पाहावे. रुग्णांची वाण नाही. वाण आहे ती प्रश्न विचारण्याच्या सवयीची, आणि त्यासाठी लागणाऱ्या सवडीची.

यावर उपाय म्हणून आपण सक्ती केली. पीएच. डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, असा नियम होता. परिणाम व्हायचा तोच झाला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची दुकाने चालली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत ही सक्ती काढून टाकली, हे बरे झाले. पण सक्ती गेल्याने जिज्ञासा येते असे नाही. ती वेगळ्या मातीत उगवते.

ती माती कशी असते हे सांगायला मला परदेशात जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातले महाड घ्या. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावसकर नावाचा तरुण डॉक्टर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. विंचवाने माणूस मरतोच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले. बावसकरांनी मात्र खाटेशेजारी बसून विचारले, तो मरतो म्हणजे नेमके कसा? हृदयावर काय होते, फुप्फुसांत पाणी कधी भरते, हे त्यांनी टिपून ठेवले. त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग पुढे आला, आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांच्या निरीक्षणांची दखल घेतली. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांची आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांची विंचवाच्या प्रतिविषाची रीतसर चाचणी छापली. पदवीची अट नव्हती, बढतीचा लोभ नव्हता. समोर गुदमरणारे मूल होते आणि एक प्रश्न होता.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या मात्र केवळ आठ टक्के होत्या. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावातल्याच बाईला शिकवून त्यांनी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणले होते. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली. ज्या दारातून प्रश्न आला, त्याच दारात उत्तर परत गेले. मला जे जमले नाही ते हे.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक विद्यार्थी काही बावसकर किंवा बंग होत नाही. खरे आहे. होण्याची गरजही नाही. पण नोकरी सांभाळून, रात्रपाळ्या करून अभ्यास करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, अध्यापक आणि डॉक्टरांना निदान स्वतःचा प्रश्न स्वतः निवडता यावा की नाही? आठवड्यातला एखादा दिवस त्या कामासाठी मोकळा मिळावा की नाही? आकडेशास्त्र समजावून सांगणारा माणूस कामाच्या सुरुवातीलाच भेटावा, सगळी माहिती गोळा झाल्यावर नव्हे, एवढी अपेक्षा जास्त आहे काय?

परिसंवादाच्या दिवशी नेहमीप्रमाणे दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले. पहिल्या तीन रांगा पाहुण्यांसाठी राखीव. ज्यांचे स्वागत करायचे ते विद्यार्थी मागे. जेवणानंतर पाहुणे पांगले. भिंतीशी लावलेल्या तक्त्यांजवळ विद्यार्थी तेवढे उभे होते. एका तक्त्याशी नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मला पाहून त्या चाचरत म्हणाल्या, “सर, एक विचारू? मी रुग्णांना शिकवण्याची नवी पद्धत करून पाहिली. फरकच पडला नाही. सगळे म्हणतात, असा निकाल परीक्षकांना आवडत नाही. काय करू?”

मी म्हटले, “बाई, फरक पडला नाही हेसुद्धा उत्तरच आहे. तुम्ही ते लपवलेत, तर आणखी दहा जणी तीच पद्धत करून पाहतील आणि आणखी शेकडो रुग्णांचा वेळ जाईल. आहे तसे लिहा.”

त्या हसल्या; पण त्यांच्या चेहऱ्यावरची धास्ती गेली नाही. जाईल कशी? माझ्या सल्ल्याने परीक्षक बदलत नाहीत. ते काम विद्यापीठाचे आहे. ‘काही निघाले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या प्रबंधाला जिथे मान मिळेल, तिथे आकडे रंगवण्याचा मोह आपोआप कमी होईल. नवागताचे खरे स्वागत ते. गुलाबाचे फूल संध्याकाळपर्यंत सुकते.

या सगळ्यात तुमचा-आमचा, म्हणजे रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा संबंध काय? फार जवळचा आहे. कधीतरी रुग्णालयात एखादा तरुण डॉक्टर किंवा परिचारिका तुमच्यासमोर कागद धरील आणि म्हणेल, “अभ्यासासाठी माहिती हवी आहे, सही कराल?” घाबरू नका आणि घाईही करू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तुमच्या बाजूची आहेत. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. नाही म्हणण्याचा आणि मधेच बाहेर पडण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यामुळे तुमच्या उपचारांत उणे-अधिक होता कामा नये. शंका आली तर कुणाशी बोलायचे, तेही त्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे. नव्या औषधाची चाचणी असेल, तर २००७ पासून देशात अशा चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे. ती कुणालाही पाहता येते.

हे सारे विचारून, पटले तर जरूर सही करा. आजची अनेक औषधे अशाच अनोळखी माणसांच्या सह्यांवर उभी आहेत. मात्र सही करताना एक प्रश्न आठवणीने विचारा, “निकाल लागला की आम्हाला कळवाल ना?”

१९७९ साली त्या दोनशे बायकांपैकी एकीने जरी मला हे विचारले असते, तरी कदाचित मी परत गेलो असतो. त्यांनी विचारले नाही. विचारता येते हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते सांगणे माझे काम होते. पाच मिनिटांच्या भाषणात मी नव्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले.