जितके-तितके, पण कुठपर्यंत?

'द कोल्डर द वॉटर, द डेन्सर इट इज' या वाक्याचा अर्थ सांगा पाहू! पाणी जितके थंड, तितकी त्याची घनता जास्त. येथील 'द' हे नेहमीचे उपपद नव्हे. 'तितक्याने' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी रूपापासून ते आले आहे. व्याकरणाचे पूर्ण गुण मिळाले, पण विज्ञानाचे? गोड्या पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्याहून थंड झालेले पाणी प्रसरण पावते व वर राहते. म्हणूनच थंड प्रदेशातील तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. तेव्हा 'जितके-तितके' दिसले, की 'कुठपासून कुठपर्यंत?' हे विचारलेच पाहिजे. शिक्षकांनीही या प्रश्नाला गुण ठेवावेत.