उतारवयाला कोपरा नको, माणसं हवीत

साठी उलटली की घरातली माणसं प्रेमानेच सांगू लागतात, ‘आता कशात लक्ष घालू नका, निवांत देव देव करा.’ या सल्ल्यात काळजी असते, पण त्यामागे एक चुकीचं गृहीतकही असतं. आनंद हा तरुणपणाचा हक्क आणि श्रद्धा ही उतारवयाची सोय, असं आपण धरून चालतो. माझ्या मते वाढत्या वयात दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात, ते म्हणजे माणसांत असण्यातून आणि कुणाच्या तरी उपयोगी पडण्यातून. कोपऱ्यात बसवलेल्या माणसाचा आनंद तर आटतोच, श्रद्धाही आटते.

वय वाढलं की मन आपोआप खचतं, हा समज संशोधनाच्या कसोटीवर टिकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी 18 ते 94 वयाच्या माणसांच्या रोजच्या भावना दहा वर्षांहून अधिक काळात पुन्हा पुन्हा नोंदवल्या. वयाबरोबर मन अधिक समाधानी आणि स्थिर होत गेल्याचं त्यांना आढळलं. हाती उरलेला काळ थोडा आहे हे उमगलं की माणूस निवड करू लागतो, जवळची नाती आणि मनापासून आवडणारी कामं राखतो आणि बाकीचं सोडून देतो, असं त्या मांडतात. म्हाताऱ्या मेंदूला दुःख कमी जाणवत असेल, एवढंच त्याचं कारण, अशी शंका कुणी घेईल. पण 1997 मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाण्याआधी, एक काळ संपत आल्याची जाणीव असताना, तिथल्या तरुणांचा कलही वृद्धांसारखाच जवळच्या माणसांकडे झुकलेला दिसला. म्हणजे हे शहाणपण काळाच्या जाणिवेतून येतं, आणि ती जाणीव म्हातारपणी रोज सोबत असते.

श्रद्धेचं काय, हे पाहायला आपल्याला दूर जावं लागत नाही. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट साठी-सत्तरीतले असंख्य वारकरी चालतात. पेरणी उरकून निघालेले शेतकरी आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हाताऱ्या बाया त्यांत असतात. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. वीणा सांभाळणारा, टाळकरी, पखवाजवादक, स्वयंपाक पाहणारी मंडळी, कुणीही फालतू नसतं. पुढे चालणारा ऐंशीचा असो की अठराचा, सगळे एकमेकांना माऊलीच म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. हरिपाठ रोजचा, सोबत रोजची, थकवाही रोजचा. या भक्तीतला आनंद एकट्याने जपमाळ ओढण्याहून वेगळा आहे, कारण इथे देवाच्या नावाने माणसाला माणसं मिळतात, आणि आपण नसलो तर दिंडीत आपली जागा रिकामी दिसेल हा विश्वासही मिळतो. गावोगावच्या भजनी मंडळांतही हेच घडतं.

यावर सर्वांत जड आक्षेप पैशाचा आहे, आणि तो खराच आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वयाच्या गरीब माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला फक्त 200 रुपये आहे. औषधाच्या एका पट्टीसाठी मुलाकडे हात पसरावा लागणाऱ्या माणसाला समाधानाचे धडे देणं क्रूरपणाचं आहे. गुडघे आणि डोळे साथ सोडतात तेव्हाचं दुःखही शब्दांनी हलकं होत नाही. म्हणूनच निवृत्तिवेतन आणि दवाखाना ही मागणी पहिली. मात्र तिथेच थांबणंही चूक ठरेल. पोटाची सोय झालेली कितीतरी माणसं शहरातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर कुणाशी न बोलता बसून असतात, आणि त्यांचं दुःख पैशाने भरून येणारं नाही. घरचा निर्णय घेताना त्यांना विचारावं, नातवंडांचा अभ्यास किंवा सोसायटीचा हिशेब त्यांच्या हाती सोपवावा, हे कुणालाही परवडण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप असा की ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याने काय करावं? त्याने धोंडो केशव कर्वे यांचं आयुष्य पाहावं. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं तेव्हा ते 58 वर्षांचे होते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी संस्थेसाठी जगप्रवास केला. 1936 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढलं आणि 1944 मध्ये समता संघ. आपण लावलेलं झाड आपल्या हयातीत फळेल याची खात्री त्या वयात कुणाला असते? तरीही काम सुरू करावंसं वाटणं, हीसुद्धा श्रद्धाच आहे, आणि तिला देव्हाऱ्याची अट नाही. गावातली शाळा, वाचनालय, पाणलोटाचं काम, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळीकडे अनुभवी माणसांची गरज आहे. त्यांना तिथे बोलावणं घराने आणि गावाने करायचं आहे, आणि तेही गुडघे चालत आहेत तोवर.