पाचवा गडी

बॅडमिंटनच्या दुहेरीला चार माणसे लागतात. एक जण आला नाही, की उरलेले तिघे रॅकेट मांडीवर घेऊन बसून राहतात. म्हणून अंगात कणकण असो, रात्रीचे जागरण असो की गुडघा ठणकत असो, माणूस सकाळी सहाच्या ठोक्याला हॉलवर हजर होतो. ‘माझ्यामुळे खेळ मोडायला नको’ ही भावना चांगलीच आहे. पण या चांगल्या भावनेपायी लोक दुखणे कसे दडवतात, हे परभणीत इतकी वर्षे प्रॅक्टिस करताना मी पाहत आलो आहे.

या बाबतीत आपल्याच राज्यातील एका खेळाडूचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. चिराग शेट्टी हा मुंबईचा, जन्म १९९७ चा. मुंबईत उदय पवार यांच्याकडे शिकून तो हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. तेथे मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्याची जोडी आंध्रातील अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीशी लावून दिली. दोघेही उंचपुरे, दोघेही मागून जोरदार स्मॅश मारणारे. जोडी टिकायची तर एकाने पुढे यायला हवे होते. चिरागने जाळीजवळचा खेळ शिकून घेतला. दुहेरीत आपल्या आवडीला मुरड घालावी लागते, ती अशी.

पुढचा इतिहास वाचकांना माहीत असेल. २०१९ साली थायलंड ओपन. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तीनपैकी दोन सामने जिंकूनही ही जोडी गटातच बाद झाली. आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी ज्या तैवानच्या जोडीला हरवले होते, तिनेच शेवटी सुवर्णपदक नेले! हे दोघे खचले नाहीत. २०२२ साली थॉमस चषक, राष्ट्रकुलचे सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेचे कांस्य, तर २०२३ साली इंडोनेशिया ओपन, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत आपल्या प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे कांस्य मिळवले होते. त्यानंतर सुवर्णापर्यंत पोहोचायला चाळीसहून अधिक वर्षे गेली.

मला मात्र पदकांपेक्षा यापुढचे दीड वर्ष महत्त्वाचे वाटते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हार झाली. त्यानंतर सात्त्विकच्या खांद्याच्या दुखापतीमुळे जोडी काही महिने खेळलीच नाही. मार्च २०२५ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत चिरागच्या पाठीने दगा दिला आणि दुसऱ्या फेरीचा सामना अर्ध्यावर सोडून दोघे बाहेर आले. ऑल इंग्लंड म्हणजे बॅडमिंटनची पंढरी. तेथे सामना सोडताना जोडीदाराचे नुकसान होते, देशाची निराशा होते, हे चिरागला कळत नव्हते काय? तरी तो थांबला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसलाच जागतिक स्पर्धेत या जोडीने पुन्हा कांस्यपदक घेतले.

ज्यांची भाकरीच या खेळावर आहे ते थांबतात आणि आपण, ज्यांना फक्त पोट कमी करायचे आहे, ते थांबत नाही!

आपल्याकडे बहुतेक मंडळी चाळिशीनंतर, साखर निघाली किंवा रक्तदाब वाढला की खेळायला लागतात. खेळावे, अवश्य खेळावे. दुहेरीत निम्मे मैदान सांभाळायचे असल्याने ती या वयाला सोयीची वाटते. पण तिच्यात एकदम धावणे, एकदम थांबणे, उडी आणि वळणे असते. सकाळच्या सावकाश चालण्यापेक्षा हृदयावर हा ताण निराळा. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. विशेषतः मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर.

खेळताना छातीवर दडपण आले, डावा हात किंवा जबडा भरून आला, गार घाम सुटला, नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर त्याच क्षणी रॅकेट खाली ठेवा. ‘गॅस असेल, हा गेम संपू द्या’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. मधुमेह्यांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही; नुसता थकवा येतो. अशा वेळी स्वतः मोटारसायकल चालवत घरी जाऊ नये. १०८ ला फोन करावा किंवा सोबत्यांनी थेट दवाखान्यात न्यावे.

दुसरी गोष्ट टाचेमागच्या जाड नसेची. ती तुटते तेव्हा मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटते. पेशंट वळून जोडीदाराकडेच रागाने पाहतो! ही ‘मुरगळ’ चोळून बरी होत नाही. चवड्यावर उभे राहता येत नसेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. आधी दहा मिनिटे अंग गरम करून घेतले, तर निदान धोका कमी होतो.

आणि आपला उन्हाळा! शटल वाऱ्याने भरकटते म्हणून पंखे आणि खिडक्या बंद ठेवून खेळतात. परभणीच्या मे महिन्यात बंद हॉल म्हणजे भट्टीच. तेव्हा खेळ थोडा आणि पहाटेच ठेवावा, पाणी सोबत असावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये, खिशात खडीसाखर ठेवावी.

आता माझी एक सूचना. प्रत्येक गटाने चार नव्हे, पाच गडी ठेवावेत. शक्य असेल तर सहा. पाळीपाळीने एकाने बाहेर बसावे. मग ज्याला बरे नाही त्याला संकोच वाटणार नाही, आणि खेळही मोडणार नाही. बाहेर बसलेल्याने आत खेळणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. कोणी पांढराफटक पडला, छाती चोळू लागला, तर खेळ थांबवण्याचा अधिकार त्याचा. त्याच्याशी कोणी वाद घालू नये.

जोडीदाराला खरी साथ द्यायची, तर ‘आज मला बरे वाटत नाही’ एवढे त्याला वेळेवर सांगता आले पाहिजे.