आधीं ऐकून घ्या

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या जवळा बाजारांत घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो : "किती टक्के पडले?" उत्तर समाधानकारक असलें तर पेढे, नसलें तर उपदेश. उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कधींच टंचाई पडली नाहीं. वडील करतात, चुलते करतात, बाजाराच्या दिवशीं वाटेंत भेटलेला पाहुणाही उभ्याउभ्या दोन गोष्टी सांगून जातो. आम्हां शिक्षकांचा तर तो धंदाच! परंतु ज्याला हा सारा उपदेश करावयाचा, त्या मुलाचें म्हणणें काय आहे हें विचारण्याची रीत मात्र आपल्यांत फारशी नाहीं. ती असावी, आणि उपदेशाच्या आधीं असावी, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

मानसशास्त्रांत मानवतावादी नांवाचा एक पंथ आहे. त्याच्या पूर्वीं दोन मतें प्रबळ होतीं. एकाच्या मतें मनुष्य हा बालपणींच्या दडपलेल्या वासनांनीं बांधलेला; दुसऱ्याच्या मतें तो बक्षीस व शिक्षा यांनीं हवा तसा वळविता येणारा. या दोहोंना बाजूस सारून, मनुष्याच्या ठिकाणीं स्वतः होऊन वाढण्याची ओढ असते, असें अब्राहम मॅस्लो, कार्ल रॉजर्स प्रभृति अमेरिकन पंडितांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास प्रतिपादिलें. पैकीं रॉजर्सचें (१९०२–१९८७) चरित्र आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या गांवाला जवळचें वाटावें असें आहे. त्याचें किशोरवय शेतावर गेलें. कॉलेजांत त्यानें प्रथम शेतकीचाच विषय घेतला. पुढें धर्मोपदेशक होण्याच्या विचारानें तो न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयांत गेला, आणि तेथून मानसशास्त्राकडे वळला. म्हणजे उपदेशाची विद्या शिकूं लागलेल्या मनुष्यानेंच पुढें ऐकण्याची विद्या काढली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

लहानपणीं घराच्या तळघरांत हिवाळ्यासाठीं सांठविलेले बटाटे त्यानें पाहिले होते. तेथें माती नाहीं, पाणी नाहीं. तरी उंचावरच्या एका लहानशा खिडकीच्या दिशेनें त्यांना फिकट पांढरे, हात हातभर कोंब फुटत. ती आठवण त्यानें उतारवयांत लिहून ठेविली आहे. आपल्याकडे हळदीचें बेणें सांवलींत झांकून ठेवतात, आणि लागवडीपूर्वींच त्याचे डोळे फुटलेले असतात, हें येथील बहुतेक मुलांनीं पाहिलें असेल. त्या कोंबाला कोणी व्याख्यान दिलेलें नसतें!

रॉजर्सनें आपल्याकडे येणाऱ्या माणसांना रोगी म्हणणें सोडलें व वकिलाच्या अशिलाला जो शब्द लावतात तो त्यांना लावला. १९५७ सालच्या एका निबंधांत त्यानें ऐकणाऱ्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत : त्यानें प्रांजळ असावें, समोरच्याचा कोणतीही अट न घालतां स्वीकार करावा, आणि जग त्याच्या डोळ्यांनीं पाहावें. हें वाचावयास सोपें आहे. करून पाहावें म्हणजे समजतें.

हें सारें परदेशांतलें, असें कोणी म्हणेल. तर मग आपल्याच महाराष्ट्रांतल्या ताराबाई मोडकांकडे पाहावें. त्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें शाळेंत येत ना, कारण कोणाला धाकटें भावंड सांभाळावयाचें, तर कोणाला गुरें राखावयाचीं. या बायांनीं आईबापांना दोष दिला नाहीं. त्यांनीं शाळाच उचलून मुलांच्या अंगणांत नेली, ती अंगणवाडी. आणि गुरांमागें रानांत नेली, ती कुरणशाळा. आज गांवोगांवीं जी अंगणवाडी आहे, तिच्या नांवामागें मूल जेथें आहे तेथें आपण जावें हा विचार आहे.

आतां माझीच एक चूक सांगतों. नववीच्या वर्गांतला एक मुलगा तासाला डुलक्या घेऊं लागला. गणिताची वही कोरी. मीं त्याला एकीकडे बोलावून अर्धा तास बोध केला. बापाच्या घामाची आठवण दिली. तो "हो सर" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां झोंपला. महिनाभरानें एका संध्याकाळीं तो फाट्यावर एकटा बसलेला दिसला. माझ्याजवळचा उपदेश तोंपर्यंत संपला होता, म्हणून मी नुसताच शेजारीं बसलों. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "सर, बा रात्रीं उठून बांधावर जाऊन बसतो. मला भ्या वाटतं. मी जागाच राहतो." ज्या बापाच्या घामाची मीं आठवण दिली, त्याच बापाला तें पोर रात्रभर राखीत होतें!

अशानें मुलें डोक्यावर बसतील, असें कांहीं पालक म्हणतात. पण स्वीकार मुलाचा करावयाचा आहे, त्याच्या प्रत्येक कृतीचा नव्हे. चोरी ती चोरीच. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : ऐकून घेतल्यानें कापसाला भाव येत नाहीं, कीं पीककर्ज फिटत नाहीं. तें खरें आहे. दुष्काळाचें औषध म्हणून कोणी समुपदेशन पुढें करील, तर त्याला मी विरोधच करीन. तथापि कर्ज फेडावयालाही मनुष्य जागेवर असावा लागतो. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं मराठवाडा व विदर्भ मिळून १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यांत आपला हिंगोली जिल्हाही होता. आशाताईंनीं घरोघरीं जाऊन मनाची विचारपूस करावी, अशी ती योजना. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा आहे. तेथें आपल्या भाषेंत बोलतां येतें. हा क्रमांक मुलांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मुलाला विचारूनच मी त्याच्या घरीं गेलों. बाप आधीं संकोचला, मग पुष्कळ बोलला. माझ्यानें त्याचें कर्ज कमी झालें नाहीं. गांवच्या आशाताईंना मात्र त्यानें घरांत येऊं दिलें, आणि रात्रीं चुलतभाऊ सोबतीला निजूं लागला. परवां बाजारांत तो भेटला. "सर, पोरगं आतां लई बोलतंय," असें त्यानें थोडें तक्रारीच्याच सुरांत सांगितलें, आणि पिशवी सांवरीत पुढें गेला.