दागिने मोडण्याआधी कागद काढा

कॉलेजच्या फीचा आकडा कानावर पडला की घरात दोनच गोष्टी निघतात. दागिने मोडायचे, नाहीतर खोली काढायची. लालबाग-परळच्या चाळींत हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. माझं ऐका, थोडं थांबा. खोली तर काढूच नका. या भागातली गेलेली खोली पुन्हा हाती येत नाही. मग तेच पोर विरारहून, बदलापूरहून लोकलला लटकत कॉलेजला येतं.

पैसे एका जागी मिळणार नाहीत. चार जागांहून थोडे थोडे गोळा करावे लागतील. आणि त्या चारही जागा आधी कागद मागतात.

म्हणून बारावीच्या दिवाळीतच कागदांची पिशवी उघडा. अधिवासाचा दाखला काढा. लागू असेल तर जातीचा दाखला काढा. जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा, त्याला वेळ लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागल्यावर काढा. मुलाच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते.

आणि नावं जुळवून बघा. रेशनकार्ड, आधार, दहावीची मार्कशीट, तिन्ही शेजारी ठेवा. आईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं असतं. एवढ्याशा गोष्टीवर अर्ज अडकतो. निकालानंतर दुरुस्तीला गेलात तर रांगेत अख्खी मुंबई उभी असते.

आता प्रवेशाचं. इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सला सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅप फेरीतूनच जागा घ्या. कुणी म्हणेल, ‘मॅनेजमेंट कोट्यातून देतो, आत्ता पैसे भरा.’ त्याला हात जोडा. त्या जागेला फीची सवलत मिळत नाही.

सवलत छोटी नाही. खुल्या गटातल्या, वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्यात निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. घरातल्या पहिल्या दोन मुलांना ती मिळते. मुलींसाठी तर जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय झाला. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ‘मुलीला एवढं कुठे शिकवायचं’ असं कुणी म्हणालं, तर हा निर्णय त्याच्यापुढे ठेवा. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत, त्याही बघा. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. पहिल्या वर्षी सवलत मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी गाफील राहू नका.

साधं बी.ए., बी.कॉम. करायचं असेल तर कॉलेजच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा. हा वर्ग अनुदानित आहे की सेल्फ फायनान्स? एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर या दोन वर्गांच्या फीत कितीतरी पटींचा फरक असतो. नावाला भुलून महागडा कोर्स घेऊ नका. घर चालवायला नोकरी करावीच लागत असेल, तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठही आहे.

मग उरलेल्या रकमेपुरतं कर्ज बघा. राष्ट्रीयीकृत बँकेत जा. साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. आईवडिलांनी सोबत सही करायची असते. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तसं ते व्याज महिन्याला भरत राहा, पुढे ओझं हलकं होतं. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांकडे फिरकू नका.

चार जागी मागायला संकोच वाटतो? बाबासाहेब आंबेडकर आपल्याच परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळू लागले. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेज झालं. १९१३ मध्ये अमेरिकेसाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, तीही दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अमेरिकेनंतर सुरू केलेलं लंडनचं शिक्षण अर्धं सोडून परत यावं लागलं. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राने ५ हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या मोठ्या माणसालाही चार ठिकाणांहून जमवावं लागलं. तेव्हा तुम्हाला मागायची लाज कशाला? फक्त सही करण्याआधी अट वाचा. शिष्यवृत्ती किती वर्षांची, मार्क किती लागतात, नापास झालं तर काय, हे सगळं विचारून घ्या.

पुस्तकं विकत घेऊच नका. सिद्धिविनायक न्यासाची पुस्तकपेढी आहे. लालबागच्या राजाच्या मंडळाचीही आहे, अभ्यासिकाही आहे. खोलीत दहा माणसं आणि टीव्ही असताना अभ्यास होत नाही, हे मला सांगायला नको.

आणि ज्यांच्या घरातलं पोर हे सगळं पार करून गेलंय, त्यांच्याकडे एक मागणं आहे. शेजारच्या घरात कुणालाच अर्ज भरता येत नसेल. केळुसकर गुरुजींनी परक्या मुलासाठी शब्द टाकला होता. तुम्हाला फक्त जून-जुलैचे चार रविवार द्यायचे आहेत. मंडळाच्या खोलीत एक टेबल टाका. कागद स्कॅन करायला एक मोबाइल आणि महाडीबीटीचा अर्ज एकदा भरलेलं एक पोर, एवढं पुरे.